पेढे वाटून झाले, नोंद झाली का?

बयो, आपल्या अण्णांचा वाढदिवस कधी? एक जून. थोरल्या काकांचा? तोही एक जून. तुझ्या सासऱ्यांना विचारून बघ, बहुतेक तेच उत्तर येईल. त्या पिढीत शाळेत नाव घालायला पोराला नेलं की घरात जन्माचा कागद नसायचा. मग गुरुजी पोराची उंची बघायचे, जूनमध्ये सहा पुरी भरतील असं साल धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. आपण त्यावर हसतो, त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर शुभेच्छांचा नुसता पूर येतो. पण अण्णा नोकरीतून उतरले ते त्याच तारखेवर, आणि पेन्शन सुरू झाली तीही त्याच तारखेवर. आईच्या वाट्याला तर तेवढंही आलं नाही. ती शाळेतच गेली नाही. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली, एवढाच तिचा जन्माचा पुरावा.

आता तुझं सातवं सरेल. डोहाळजेवणाला हिरवी साडी कुठली, ओटी कोण भरणार, यावर घरात रोज खल चाललाय. चालू दे. पण त्या गडबडीत जे कुणी सांगणार नाही ते मी सांगते. जरा टेकून बस आणि ऐक.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तू इकडे येणार. लक्षात ठेव, बाळाची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. सासर कुठलं, रेशनकार्ड कुठलं, याचा तिथं काही संबंध नाही. बाळंतपण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात झालं तर नोंद इथल्या नगरपालिकेच्या दप्तरात. पाच वर्षांनी तुझ्या सासरच्या ग्रामपंचायतीत जाऊन कुणी कितीही रजिस्टरं चाळली तरी तिथं ती सापडायची नाही. अशा किती आया मी बघितल्यात, ज्यांना मूल शाळेत घालायच्या वेळी आठवतं की बाळंतपण माहेरी झालं होतं. माहेर दोनशे किलोमीटरवर, भावाला वेळ नाही, दवाखाना बंद पडलेला. म्हणून दाखला घेतल्याशिवाय सासरी परतायचं नाही. बाळाचं झबलं राहिलं तर मागाहून पाठवता येईल.

कायदा तसा सरळ आहे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम. दवाखान्यात जन्म झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरातल्या कर्त्या माणसाची. मुदत २१ दिवस. त्या मुदतीत काही पैसे लागत नाहीत आणि नोंदीची पहिली प्रत फुकट मिळते. २१ च्या पुढे ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क. महिन्याच्या पुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि स्वतः सही करून दिलेला स्वसाक्षांकित कागद. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याआधी ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आण, पुरावे जोड, हेलपाटे घाल. त्यात उशिराच्या नोंदींवरून महाराष्ट्रात बराच गदारोळ झाला आणि २०२५ मध्ये सरकारनं ती वाट आणखी कडक केली. २१ दिवसांत जे काम बसल्याजागी होतं, त्याला पुढं वकील शोधावा लागतो.

आणि पूर्वीसारखं ‘बघू पुढं’ म्हणायची सोय उरलेली नाही. २०२३ मध्ये कायदा बदलला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पुढं जन्मलेल्या मुलांसाठी जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्माचा दाखलाच धरला जातो. शाळाप्रवेश, गाडीचा परवाना, मतदार यादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, आधार, सगळीकडे तोच. गुरुजींच्या हातातली तारीख आता गेली.

दवाखान्यात नर्सबाई एक फॉर्म भरतील. त्यावर सही करायला बहुतेक वेळा पुरुषमाणसाला बोलावतात आणि तो न वाचता सही ठोकून चहा प्यायला जातो. जावईबापूंना माझा निरोप दे, सही करायच्या आधी कागद तुझ्या हातात आणून द्यायचा. तू पडल्या पडल्या वाच. आईचं नाव या रकान्यात तुझं आधारवरचं नाव अक्षरशः तसंच हवं. आपल्याकडं लग्नात बाईचं आडनाव तर बदलतंच, कुठं कुठं नावसुद्धा बदलतात. मग दवाखान्याच्या केसपेपरवर एक नाव, आधारवर दुसरं, मार्कलिस्टवर तिसरं, आणि त्या तिन्ही बायका मिळून तू एकटीच. इंग्रजी स्पेलिंगही बघ, एक ‘ए’ जास्त का कमी. तारीख बघ, रात्री बारानंतर जन्म झाला असेल तर मुद्दाम बघ. मुलगा की मुलगी या रकान्यातही चुका होतात, हसू नकोस. नोंद पक्की व्हायच्या आधी खोडून लिहिता येतं. नंतर दुरुस्ती होते, कायद्यात तशी सोय आहे, पण पुरावे जोडत बसावं लागतं.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरलाय. नऊ महिने पोटात वागवल्यावर कागदावर हक्काची जागा मिळतेय, ती चुकीच्या अक्षरांनी घालवू नकोस.

आता नावाचं. आपल्याकडं बारसं बाराव्या दिवशी, आणि सासूबाईंना पत्रिका बघून अक्षर काढायचंय म्हणजे त्याहूनही पुढं. दवाखाना तोवर थांबत नाही, नावाविना नोंद पाठवतो. दाखल्यावर नावाची जागा कोरी राहते. घाबरू नकोस, वर्षभरात फुकट नाव घालता येतं, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. पण हे ‘नंतर’ भारी फसवं असतं. आत्याबाईंनी कानात कुर्रर्र केलं, पेढे वाटले, की सगळ्यांना वाटतं नाव ठेवून झालं. सरकारदरबारी मात्र ते बाळ बिननावाचंच. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर काय लिहायचं ते लिहून जाईल, तिथं आपलं काही चालत नाही. निबंधक काय लिहितो ते मात्र वाचून घेता येतं. बारसं झालं की त्याच आठवड्यात जा आणि नाव घालून घे.

एक नाजूक गोष्टही सांगून ठेवते, कारण आपल्यात यावर कुणी बोलत नाही. एखादं बाळ तासभर जगलं आणि गेलं, तरी त्याच्या जन्माचीही नोंद होते आणि मृत्यूचीही. मृत जन्मलेल्या बाळासाठीसुद्धा वेगळा नमुना आहे. घरचे म्हणतात, कशाला आता ते. पण अशी बाळं मोजलीच गेली नाहीत तर त्या भागात डॉक्टर कमी पडतो की रक्त, हे कुणाला आणि कसं कळणार? आणि जिच्या बाळाला बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, तिचाही दाखला अडवता येत नाही. एकट्या आईनं प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच सांगितलंय. तुझ्या ओळखीत अशी कुणी असेल तर हे तिच्या कानावर घाल.

तू म्हणशील, ताई, एका कागदाचं किती कौतुक! अगं, पाटलांच्या पोराला कागद नसला तरी त्याचं अडत नाही, त्याला सगळं गाव ओळखतं. अडतं ते आपल्या पोरींचं. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की पंधरा वर्षांची पोर एकाएकी ‘एकोणीस पुरी’ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड नाही, जालना नाही, अख्ख्या राज्याचा आकडा आहे हा. आता यातली गंमत बघ. गावात जन्माची नोंद करणारा निबंधक म्हणजे आपले ग्रामसेवक. लग्नाची नोंद करणारेही तेच. बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तेच. म्हणजे पोरीची खरी तारीख ज्यांच्या दप्तरात, ते लग्न थांबवायचा अधिकारही त्यांच्याच हातात. दप्तरात तारीखच नसेल तर भावकी सांगेल ते वय खरं. दाखला असेल तर एखादी मैत्रीण, एखादी अंगणवाडीताई १०९८ ला फोन लावू शकते आणि मांडवात वयाचा वाद उरत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं तर आणखी वेगळं. बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात, कोल्हापूर-सांगलीकडं, काही पार कर्नाटकात. बाळंतपण होतं कोपीवर, कधी फडाच्या कडेला. नोंद व्हायला हवी तिथल्या गावात, पण मुकादमाला टोळी हलवायची घाई, आणि २१ दिवसांनी कोपी भलत्याच शिवारात. हंगाम संपवून गावी आल्यावर ग्रामसेवक म्हणतात, जन्म इथला नाही, मी कसा लिहू? त्यांचंही खोटं नाही. अशा बाईला ‘जागरूक व्हा’ म्हणून सांगण्यात अर्थ नाही. तिथं यंत्रणेनंच तिच्यापर्यंत चालत जायला हवं. आशाताईच्या यादीतून, साखर कारखान्याच्या नोंदवहीतून, जमेल तसं.

बरं, बाळाचं झालं. आता तुझ्या लग्नाचं बोलू. दीड वर्ष होत आलं. प्री-वेडिंगचा व्हिडिओ आहे, ड्रोननं काढलेली वरात आहे. नोंदणी केलीस? माहीत होतं मला. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे, लग्नापासून नव्वद दिवसांत अर्ज द्यायचा. पुढंही होते, विलंब शुल्क भरून. लग्नपत्रिका, फोटो, दोघांचे वयाचे आणि राहण्याचे पुरावे, भटजींची सही आणि तीन साक्षीदार. बाळंतपणाला यायच्या आधी उरकून टाक, नाहीतर एका मांडीवर बाळ आणि दुसऱ्या मांडीवर फाइल घेऊन बसशील.

नोंदणी केली नाही म्हणून लग्न मोडत नाही, हे खरं. हिंदू विवाहात विधी झाले की लग्न झालं, नोंद हा त्याचा पुरावा. उलटही ध्यानात ठेव. हल्ली परदेशी जाणारी मुलं व्हिसासाठी आधी नोंदणी उरकतात आणि लग्न सवडीनं करू म्हणतात. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं हिंदू विवाह होत नाही. आपल्या मामेबहिणीचं तसंच काहीतरी चाललंय, तिला सांग. विशेष विवाह कायद्याखालचं लग्न वेगळं, तिथं तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या केल्या की तेच लग्न. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून लग्न निबंधकापुढं लिहिलं जातं. तिथल्या बाईला ‘मी याची बायको’ हे पाहुण्यांच्या साक्षीनं सिद्ध करत बसावं लागत नाही. आपल्याकडं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा म्हणून राज्यांना सांगितलं. तरी नवऱ्यानं दुसरी आणली की पहिलीच्या हातात असतो तो अल्बम. पोटगी मागताना समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, लग्न झालं होतं कशावरून?

मृत्यूचं बोलणं अशा दिवसांत काढू नये म्हणतात. पण तू रडूबाई नाहीस, म्हणून सांगते.

आमच्या बचत गटातली एक बाई. नवरा ट्रकवर. अपघात दुसऱ्या जिल्ह्यात, तिथल्याच दवाखान्यात गेला. माणसांनी देह गावी आणला, नदीकाठी अग्नी दिला, दहावं-तेरावं झालं. महिन्यानं ती बँकेत गेली. साहेब म्हणाले, दाखला आणा. ग्रामपंचायत म्हणाली, आमच्या हद्दीत मेला नाही. तहसीलच्या व्हरांड्यात ती माझ्याशेजारी बसली होती. मांडीवर मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड, पासबुक, आणि मोबाइलमध्ये चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सचा फोटो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाला ती तो फोटो मोठा करून दाखवत होती. नाव आहे बघा, तारीख आहे बघा. गावच्या सगळ्या पुढाऱ्यांचे फोटो होते त्यावर, आणि त्यांतल्या एकालाही तिला सांगावंसं वाटलं नव्हतं की मृत्यूची नोंदही जिथं मृत्यू झाला तिथंच होते. त्या दाखल्यावाचून सातबाऱ्यावर वारसांची नावं लागत नाहीत, विमा सुटत नाही, विधवेचं अनुदान मिळत नाही. घर दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि कमावतं माणूस साठीच्या आत गेलं, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये असतात, तेही अडतात. दिवस घालायला माणसं जमतात. त्यांतल्या एका शहाण्याला दवाखान्यातून कागद आणायला धाडायचं, एवढं ध्यानात ठेव.

आणि कागदावर मृत्यूचं कारण काय लिहिलंय तेही वाचायचं. कोविडच्या वेळी ५०,००० रुपयांची मदत मिळवायला कितीतरी घरांना कारणाच्या रकान्यासाठी झगडावं लागलं. त्या साथीत भारतात किती माणसं गेली यावरही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ मिळून ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज मांडला. सरकारी आकडा ४.८ लाखांच्या आसपास होता, आणि सरकारनं तो अंदाज फेटाळला. कोण बरोबर, हा वाद मी सोडवणार नाही. पण प्रत्येक मरण वेळेत आणि कारणासकट लिहिलं गेलं असतं तर अंदाजावर भांडायची पाळीच आली नसती. २०२० मध्ये देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीचे कशानं गेले ते कुणाला ठाऊक!

यातही बाई मागंच. मघाच्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पाच वर्षांखालच्या ८९ टक्के मुलांच्या जन्माची नोंद झालेली आढळली, मृत्यूंची मात्र ७१ टक्के, आणि बायकांच्या मृत्यूंची पुरुषांपेक्षा कमी. कारण उघड आहे. आजोबा गेले की दाखला लगेच काढतात, जमीन त्यांच्या नावावर असते. आजीच्या नावावर काहीच नसतं, मग दाखल्यावाचून कुणाचं अडतं? ती बाळंतपणात गेली, कॅन्सरनं गेली की नुसतीच खंगून, सरकारच्या हिशेबी ती गेलीच नाही. बायकांच्या दुखण्यांना पैसा का मिळत नाही, त्याचं एक उत्तर इथं आहे.

हे दुखणं आपल्या एकट्याचं नाही. युनिसेफच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात पाच वर्षांखालची जवळजवळ १५ कोटी मुलं नोंदीविना आहेत, त्यांतली निम्म्याहून जास्त आफ्रिकेत. इथिओपियात तर देशभर एकसारखी नोंदणी सुरूच झाली २०१६ मध्ये. रवांडानं २०२० पासून जन्माची नोंद दवाखान्यातच करायला सुरुवात केली, आईला सरकारी कचेरीची पायरी चढावी लागू नये म्हणून. २०३० पर्यंत प्रत्येकाला कायदेशीर ओळख द्यायची, असं सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय. पण सह्या झाल्या दूर कुठंतरी, आणि रजिस्टर आहे आपल्या ग्रामपंचायतीच्या कपाटात. ते नीट ठेवलं तर काय होतं हे आपण बघितलंयच की. २०२३ मध्ये आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली, तेव्हा पणज्या-खापरपणज्यांच्या जन्ममृत्यूच्या मोडीतल्या नोंदी उपयोगी पडल्या. शंभर वर्षांपूर्वी कुण्या कारकुनानं लिहिलेली ओळ आज पोरांच्या शिक्षणापर्यंत येऊन पोचली.

म्हणून आपल्या घरच्या कागदांवर थांबू नकोस. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं तू जातेस का? पाय मोकळे झाले की जा, बाळाला कडेवर घेऊन जा. तिथं चारच प्रश्न विचार. गेल्या तिमाहीत गावात किती जन्म लिहिले, आणि आशाताईच्या यादीत किती आहेत? किती मृत्यू लिहिले, त्यांत बायका किती? गावात लग्नं किती लागली आणि नोंदली किती? संगणकावर नोंद चढवणारा माणूस आठवड्यातून किती दिवस येतो? चौथ्या प्रश्नाला सगळे एकमेकांकडं बघतील, तिथंच खरी गोम असते. आवाज चढवायचं कारण नाही, नुसते आकडे मागायचे आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचे. उत्तर आलं नाही तर पुढच्या सभेला तेच चार प्रश्न परत, आणि त्या वेळी सोबत जावेला घेऊन जा.